वक्ररेषेचें गुपित आणि रंगाचा उतार

सरळ रेषा काढावयास पट्टी पुरते आणि वर्तुळ काढावयास कंपास पुरतो. या दोन साधनांच्या बळावर युक्लिडापासून पुढें दोन हजारांहून अधिक वर्षें भूमितीचा संसार सुखानें चालला. परंतु ज्या आकारांवर मनुष्याची नजर आपण होऊन खिळते, ते बहुतेक या दोहोंच्याही कह्यांत येत नाहींत. होडीच्या नाळेचा बांक, हापूस आंब्याचा खांदा, 'क' या अक्षराचें पोट, मोटारीच्या टपाचा उतार, यांस पट्टी लागू पडत नाहीं आणि कंपासही लागू पडत नाहीं. अशी रेषा कारागिराच्या हातांत असते. ती तो काढून दाखवितो. पण ती कशी काढावी हें त्यास शब्दांनीं सांगतां येत नाहीं, आणि आंकड्यांनीं तर नाहींच नाहीं. म्हणून मुक्त वक्ररेषा ही फार दिवस गुपिताची वस्तु होऊन राहिली होती. बापानें मुलास द्यावी, उस्तादानें शागिर्दास द्यावी, आणि देणारा न देतां गेला तर त्याच्याबरोबर रेषाही जावी, असा तिचा इतिहास आहे.

आज तालुक्याच्या गांवीं फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांत एखादा विशीचा मुलगा संगणकावर 'कोरल' उघडून बसतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसासाठीं केशरी रंगापासून पिवळ्यापर्यंत उतरत जाणारी पार्श्वभूमि घालतो, तीवर चारसहा बिंदू टेकवून एक फडफडता झेंडा उभा करतो, आणि अर्ध्या तासांत मोकळा होतो. त्या चित्रांतील अभिरुचीविषयीं आम्हांस येथें बोलावयाचें नाहीं. तो विषय वेगळा आणि बराचसा कष्टदायक आहे. आम्हांस कुतूहल वाटतें तें इतकेंच, कीं जी रेषा पिढ्यान् पिढ्या कारागिरांच्या हाताबाहेर पडली नाहीं ती या मुलाच्या बोटाशीं कशी आली. आणि ज्या छटेसाठीं शिळाछापावरचे कारागीर ठिपक्यावर ठिपका देत बसत, ती त्याला दोन टोंकांचे दोन रंग सांगतांच कशी मिळते.

संगणकावरील चित्रें दोन जातींचीं असतात. एका जातींत बारीक चौकोनी ठिपक्यांची फरशी असते. छायाचित्र हें या जातीचें. तें फार मोठें केलें कीं फरशीचे चौकोन दिसूं लागतात. दुसऱ्या जातींत चित्र सांठविलेलें नसतेंच. चित्र काढण्याचा विधि तेवढा सांठविलेला असतो. अमुक बिंदूपासून अमुक बांक घेऊन तमुक बिंदूपर्यंत जा, आंतील जागा या रंगानें भर, असा तो विधि. म्हणून पोस्टाच्या तिकिटाएवढें चित्र इमारतीच्या भिंतीएवढें केलें तरी त्याची कड तुटत नाहीं. या दुसऱ्या जातीस व्यवसायांत 'व्हेक्टर' म्हणतात. आमचा विषय तो हा. आणि यांतील सारा प्रश्न 'अमुक बांक घेऊन' या तीन शब्दांत आहे.

या प्रश्नाचें एक जुनें व मोठें सुंदर उत्तर जहाजें बांधणाऱ्यांनीं काढलें होतें. युरोपांतील गोद्यांशेजारीं एक लांबरुंद माळा असे. त्याच्या लांकडी जमिनीवर जहाजाचे उभेआडवे छेद प्रत्यक्ष मापानें आंखले जात. त्यासाठीं लवचीक लांकडाची एक बारीक पट्टी ठराविक जागीं शिशाच्या वजनांनीं दाबून धरीत. इंग्रज कारागीर पट्टीस 'स्प्लाइन' म्हणत आणि त्या वजनांस, त्यांच्या आकारावरून, 'बदकें' म्हणत. दोन बदकांच्या मध्यें पट्टी आपोआप जो बांक घेई तोच जहाजाचा बांक. यांतील मर्म असें, कीं वांकविलेली पट्टी स्वभावतःच आपल्याला कमींत कमी ताण पडेल असा आकार घेते. त्यामुळें तिच्यांत कोठें कुबड येत नाहीं कीं खळगा पडत नाहीं. गणित निसर्ग करी, आणि कारागीर तें खडूनें उतरून घेई. परंतु हें गणित त्या माळ्याच्या जमिनीवरच राही. दुसऱ्या गोदींत तेंच जहाज बांधावयाचें तर त्याचे साचे उचलून न्यावे लागत. पत्रानें बांक कळविण्याची सोय नव्हती.

ही सोय करण्याचा एक लक्षणीय प्रयत्न दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या कारखान्यांत झाला. अमेरिकेंतील नॉर्थ अमेरिकन या कंपनींत रॉय लायमिंग यानें 'मस्टँग' विमानाचे बांक शंकुच्छेदांच्या गणितानें बसविले, म्हणजे साच्यांऐवजीं आंकडे पाठवितां यावे. आणि १९४४ मध्यें त्यावर ग्रंथही लिहिला. दोनच वर्षांनीं, १९४६ मध्यें, शोएनबर्ग या गणितज्ञानें 'स्प्लाइन' हा सुतारी शब्द उचलून गणितांत आणून बसविला. शब्द गोदींतून विद्यापीठांत गेला, ही गोष्ट आमच्यासारख्यांस सुखावणारी खरी. पण गुपित फुटलें तें विद्यापीठांत नव्हे.

तें फुटलें फ्रान्सच्या मोटार-कारखान्यांत. त्या धंद्यांत हा प्रश्न फारच चिघळला होता. गाडीचें रूप कल्पिणारा कलावंत मातीचा नमुना करी. त्यावरून आंखणीकार पूर्ण मापाचे नकाशे काढीत. नकाशांवरून लांकडाचा मुख्य नमुना घडविला जाई. आणि त्यावरून पत्रा दाबावयाचे पोलादी साचे तयार होत. प्रत्येक पायरीस नवा हात, आणि प्रत्येक हातानें रेषेंत कांहीं ना कांहीं आपलें घातलेलें. शेवटीं दार चौकटींत बसेना म्हणजे चूक कोणाची यावर वाद होई, आणि त्या वादास अंत नसे. कारण मूळ रेषा कोणती हेंच कोणास दाखवितां येत नसे.

१९५८ मध्यें सिट्रोएन कंपनीनें पॉल द कास्तेल्जो या तिशीच्या आंतील गणितज्ञास नोकरीस घेतलें. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित विद्यालयाचा तो विद्यार्थी. त्यानें प्रश्नाची चालच उलटी केली. आधीं काढलेली रेषा मागाहून आंकड्यांत पकडण्याऐवजीं आंकड्यांतूनच रेषा उपजावी, अशी युक्ति त्यानें १९५९ मध्यें काढली. ती इतकी सोपी आहे, कीं वाचकांनीं कागद-पेन्सिल घेऊन ती स्वतः करून पाहावी. कागदावर वाटेल तसे चार बिंदू घ्यावे. ते क्रमानें जोडले म्हणजे तीन रेषा होतात. प्रत्येक रेषेचा मध्य काढावा. हे तीन बिंदू झाले. ते जोडून दोन रेषा, आणि त्यांचे दोन मध्य. ते जोडून एक रेषा, आणि तिचा एक मध्य. हा शेवटचा मध्य म्हणजे आपल्या वक्ररेषेवरील एक बिंदु. आतां मध्याऐवजीं सर्वत्र तिसऱ्या हिश्शावर खुणा केल्या तर वक्ररेषेवरील आणखी एक बिंदु मिळेल. चौथ्या हिश्शावर केल्या तर आणखी एक. असे सर्व हिस्से शून्यापासून एकापर्यंत ओळीनें घेतले, कीं पहिल्या बिंदूपासून चौथ्यापर्यंत एक अखंड, गुळगुळीत बांक उमटतो.

मधल्या दोन बिंदूंना ही रेषा सामान्यतः शिवत नाहीं. पहिल्यापासून निघतांना ती दुसऱ्याचा रोख धरते, आणि चौथ्याशीं पोंचतांना तिसऱ्याच्या दिशेनें आल्यासारखी येते. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळींत रेषा ठिपक्याठिपक्यांतून जाते. येथें मधले ठिपके वाटेंत नसून बाजूस उभे राहून रेषेला आपल्याकडे ओढतात. द कास्तेल्जो या चारही बिंदूंना 'ध्रुव' म्हणे. शिवाय या रचनेंत दुसरी एक मौज आहे. मध्य काढतांना जे बिंदू हातीं आले, त्यांतच वक्ररेषेच्या दोन्ही अर्ध्यांचे स्वतंत्र चार-चार ध्रुव तयार असतात. म्हणजे रेषा कापावयासही वेगळें गणित लागत नाहीं. बेरीज करावी आणि दोहोंनीं भागावें, एवढ्यावर सारें भागतें. आणि हीं दोन कामें कंटाळा न करतां करणें हाच तर गणकयंत्राचा एकमेव मोठेपणा.

आतां या युक्तीचें कंपनीनें काय केलें? ती कागदावर लिहून, पाकिटांत बंद करून, फ्रान्सच्या औद्योगिक हक्कांच्या सरकारी कचेरींत ठेवून दिली. अशा पाकिटाची तेथें रूढ पद्धति आहे. शोध कोणाचा व कधींचा याचा पुरावा राहतो, आणि शोध मात्र कोणास कळत नाहीं. द कास्तेल्जोला आपल्या कामाविषयीं बाहेर ब्र काढण्याची मोकळीक अनेक वर्षें नव्हती. उस्तादाच्या हातांतील गुपित गणितानें उघडें केलें, आणि त्याच क्षणीं तें एका कंपनीच्या पाकिटांत जाऊन बसलें.

त्याच शहरांत प्रतिस्पर्धी रेनॉ कंपनीचा पिएर बेझिए नांवाचा एक इंजिनियर होता. त्याचा बाप इंजिनियर, आजा इंजिनियर. स्वतः तो १९३३ पासून त्या एकाच कारखान्यांत. पन्नाशीस टेकल्यावर, १९६० च्या सुमारास, तो याच प्रश्नाकडे वळला. त्याची कल्पना निराळी होती. एका पेटींत एक ठराविक बांक बसविला आहे असें समजा. पेटी तिरपी केली, ताणली, दाबली, तर आंतील बांकही तिच्याबरोबर तिरपा होईल, ताणला जाईल. मग बांकाशीं झगडण्याऐवजीं पेटीच्या कडाच हलवाव्या. या मार्गानें जाऊन तो ज्या वक्ररेषेशीं पोंचला, ती द कास्तेल्जोचीच वक्ररेषा होती. मात्र हें त्याला ठाऊक नव्हतें. रेनॉमध्यें 'युनिसर्फ' या नांवानें त्याची पद्धति १९६८ पर्यंत प्रत्यक्ष वापरांत आली. आपलीं सूत्रें लोकांच्या गळीं उतरावीं म्हणून बेझिएनें तीं प्रोफेसर ओनेझिम दुरां नांवाच्या एका कल्पित पंडिताच्या नांवावर खपविलीं होतीं, अशीही एक हकीकत आहे. प्राध्यापकवर्गाची पत एके काळीं किती होती याचा हा दाखला आम्हीं जपून ठेवण्याजोगा आहे.

बेझिएच्या मालकांनीं त्यास लिहूं दिलें. १९६६ पासून त्याचे लेख निघूं लागले, आणि जगानें त्या रेषेस 'बेझिए वक्र' असें नांव दिलें. १९७२ मध्यें रॉबिन फॉरेस्ट यानें दाखवून दिलें, कीं रशियन गणितज्ञ बर्नस्टाइन यानें १९१२ मध्यें एका अगदीं निराळ्या, शुद्ध तात्त्विक सिद्धतेसाठीं जीं सूत्रें मांडलीं होतीं, तींच या रेषेच्या मुळाशीं आहेत. द कास्तेल्जोचे जुने अहवाल त्याच दशकांत जर्मन गणितज्ञ बोएम याच्या पाहण्यांत आले, आणि मध्यावर मध्य काढण्याच्या कृतीस तेवढें द कास्तेल्जोचें नांव मिळालें. येथें कोणीं कोणाची चोरी केली असें मुळींच नाहीं. बेझिएचा स्वतंत्र शोध निःसंशय आहे, आणि तो सज्जन गृहस्थ होता. परंतु वस्तूस नांव मिळालें तें प्रथम शोधणाऱ्याचें नव्हे, तर ज्याला प्रथम बोलूं दिलें त्याचें. २०१२ मध्यें द कास्तेल्जोचा गौरव एका विद्वत्संस्थेनें केला. त्या पारितोषिकाचें नांव 'बेझिए पारितोषिक' होतें. तो २०२२ मध्यें, एक्याण्णव वर्षांचा होऊन, वारला.

मोटारीच्या पत्र्यावरून ही रेषा कागदावर कशी आली तें आतां पाहूं. पडद्यावर चित्र काढण्याची कल्पना तोंपर्यंत अमेरिकेंत रुजली होती. १९६३ मध्यें आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधासाठीं 'स्केचपॅड' नांवाची एक योजना केली. खोलीभर पसरलेल्या यंत्राच्या पडद्यावर प्रकाशाची लेखणी टेकवून तो रेषा काढी. त्यांत सरळ रेषा व वर्तुळाचे तुकडे एवढेंच होतें. म्हणजे भांडवल पुनः युक्लिडाचेंच. पण रेषा हा डाग नसून संबंध आहे, ही गोष्ट त्यानें यंत्रास शिकविली. या दोन रेषा समांतर राहाव्या असें एकदां सांगितलें, कीं एक हलवितांच दुसरी हाले; एका मूळ आकाराच्या शंभर प्रती काढून मूळ बदलला, कीं शंभरही बदलत.

पुढचा टप्पा छपाईचा. आणि पुनः गुपिताचाच. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंत जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनीं पानावरचें चित्र व अक्षर छपाईयंत्रास समजावून सांगण्याची एक भाषा तयार केली होती. कंपनी ती बाहेर पडूं देईना. तेव्हां दोघेही नोकरी सोडून निघाले, आणि डिसेंबर १९८२ मध्यें त्यांनीं अडोबी ही कंपनी काढली. १९८४ मध्यें त्यांची 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा प्रसिद्ध झाली. तींत वक्ररेषेसाठीं जी आज्ञा आहे ती चार ध्रुवांचीच आहे. १९८७ मध्यें त्यांनीं 'इलस्ट्रेटर' हें चित्र काढण्याचें साधन विक्रीस आणलें. वॉर्नॉकची पत्नी मार्व्हा ही रेखाकाराचा व्यवसाय करी. तिच्यासारख्या कलावंतांस सूत्र न शिकतां हें गणित हातांत धरतां यावें, हा हेतु त्यामागें होता.

तें हातांत धरण्याची रीत येणेंप्रमाणें. पडद्यावरील लेखणी टेकविली कीं एक बिंदु पडतो. न उचलतां ओढली कीं त्या बिंदूला दोन्ही बाजूंस एकेक दांडी फुटते. दांडीचीं टोंकें म्हणजे ते मधले ध्रुव. दांडी लांब केली तर रेषा त्या दिशेस हट्टानें जाते. आंखूड केली तर लवकर वळते. नवशिके जागोजाग बिंदू टेकवितात, आणि रेषा गांठाळ होते. जाणते लोक आकार जेथें सर्वांत वर, खालीं, डावीकडे व उजवीकडे पोंचतो तेवढेच बिंदू घेतात, आणि बाकीचें दांड्यांवर सोपवितात. कमी बदकें, अधिक पट्टी, हा गोदींतला नियम येथेंही तसाच चालतो. गंमत अशी, कीं ज्या वर्तुळावर युक्लिडाचें राज्य होतें तें मात्र या रेषेस कधींच अचूक साधत नाहीं. चार तुकडे घेऊन, दांडीची लांबी त्रिज्येच्या ०·५५२३ पट ठेवली, कीं वर्तुळासारखें वर्तुळ होतें; चूक राहते ती त्रिज्येच्या दहा हजार भागांतील तीन भागांहूनही कमी. डोळ्यास ती दिसत नाहीं, आणि छपाईस ती कळत नाहीं.

शिवाय आकारांचें बेरीज-वजाबाकीचें एक शास्त्र यांत आहे. एका वर्तुळावर दुसरें किंचित् सरकवून ठेवावें, आणि वरच्यानें खालचें कापावें, चंद्रकोर तयार. सामाईक भाग तेवढा ठेवावा. बदामाच्या बीसारखा, दोन्हीकडे टोंकदार आकार तयार. कपाळावरची चंद्रकोर एका फटक्यांत रेखणाऱ्या आमच्या आजीस ही लांबची वाट पाहून हंसूं आलें असतें. परंतु आजीची कोर तिच्या बोटांबरोबर गेली, आणि ही कोर रत्नागिरीहून नागपुरास जशीच्या तशी पाठवितां येते, हा फरक लहान नाहीं.

अक्षरांच्या बाबतींत गुपिताचा खेळ पुनः एकदां रंगला. अडोबीनें आपल्या उत्तम अक्षरांचे सांचे कसे रचले आहेत हें लपवून ठेवलें होतें. १९८९ मध्यें ॲपल व मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनीं 'ट्रूटाइप' ही तीन बिंदूंच्या वक्ररेषेची प्रतिस्पर्धी पद्धति पुढें केली, तेव्हां अडोबीस १९९० मध्यें आपली पद्धति छापून जगापुढें ठेवावी लागली. या ट्रूटाइप पद्धतीनेंच पुढें आपल्या देवनागरीचा एक प्रश्न सोडविला. बोरूचें टोंक तिरकस छाटलेलें असतें; हात एकदांच फिरतो, आणि जाडबारीकपणा टोंकाच्या तिरकसपणांतून आपोआप येतो. संगणकास बोरूचें हें रहस्य ठाऊक नाहीं. त्याला अक्षराची एक रेषा दाखवितां येत नाहीं. नदीचे दोन्ही कांठ वेगवेगळे आंखावे तशी प्रत्येक फटकाऱ्याची दुहेरी कड आंखावी लागते, आणि दोन्ही कांठ एकाच हातानें काढल्यासारखे दिसावे लागतात. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिकविणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं हें काम मनोभावें केलें. विंडोज २००० बरोबर घरोघर आलेलें 'मंगल' हें वळण त्यांचें. त्या वळणावर टीका करणारे पुष्कळ आहेत. पडद्यावरील बारीक मराठी वाचतां यावी म्हणून त्यांतील वेलांट्या व उकार किती विचारानें बसविले आहेत हें पाहणारे थोडे.

२००१ मध्यें इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या संस्थेनें 'एसव्हीजी' ही पद्धति सर्वांस खुली करून दिली. त्या पद्धतीचें चित्र साध्या मजकुराप्रमाणें उघडून वाचतां येतें. 'सी' हें एक रोमन अक्षर आणि त्यापुढें सहा आंकडे, म्हणजे पुढचे तीन ध्रुव; पहिला आधींच हातांत असतो. १९५९ मध्यें सरकारी कचेरींत मोहरबंद होऊन पडलेली वस्तु ती हीच. २००३ पासून 'इंकस्केप' या नांवाचें, कोणासही फुकट मिळणारें साधन याच पद्धतीवर चालतें.

येथवर रेषेची कथा झाली. छटेची कथा अधिक अवघड आहे, आणि आमच्या मतें अधिक रसाळही. छपाईचें मूळ दुःख असें, कीं कागदावर शाई असते किंवा नसते. अर्धी शाई असूं शकत नाहीं. लुडविग फॉन झीगेन यानें १६४२ मध्यें 'मेझोटिंट' ची युक्ति काढली, ती तांब्याचा पत्रा सर्वत्र खरखरीत करून जेथें उजेड हवा तेथें घासून गुळगुळीत करण्याची. पुढें शिळाछाप आला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्यें मुंबईस गिरगांवांत निघाला आणि मग मळवलीस गेला. तेथील लक्ष्मी-सरस्वती आपल्यापैकीं पुष्कळांच्या देवघरांत अजून आहेत. त्यांतील एखादी भिंगाखालीं धरावी. गालावरची लाली म्हणजे वेगवेगळ्या शिळांवरून, वेगवेगळ्या रंगांत उमटलेले ठिपके. गडद जागीं दाट, उजळ जागीं विरळ. दुरून ते मिसळतात, आणि दगडाला रक्त आल्यासारखें वाटतें.

व्हेक्टर चित्रास तर दुहेरी दुःख. शाईची अडचण आहेच. शिवाय रेषेस दोन टोंकें असतात, ती चार ध्रुवांत बांधतां येते, पण छटेस टोंक कोठें? सुरुवातीच्या इलस्ट्रेटरमध्यें प्रत्येक आकार सपाट एकरंगी भरला जाई. १९८८ च्या आवृत्तींत एक पळवाट निघाली. एक गडद आकार व एक फिकट आकार काढावा, आणि मधल्या पायऱ्या यंत्राकडून भरून घ्याव्या. म्हणजे छटा नव्हेच. एकमेकांवर रचलेल्या शंभर पट्ट्यांची उतरंड. त्याच वर्षीं निघालेल्या 'फ्रीहँड' मध्यें उतरता रंग सरळ मागतां येई. कोरलनें त्यास 'फाउंटन' असें कारंज्याचें नांव दिलें. इलस्ट्रेटरमध्यें खरा 'ग्रेडियंट' आला तो १९९३ मध्यें. रेषेच्या मार्गानें उतरणारा एक, आणि मध्यापासून चोहोंकडे पसरणारा एक, हे त्याचे दोन मुख्य प्रकार. दुसऱ्याचा उजेडाचा बिंदु मध्यावरून जरा वर व डावीकडे सरकविला, कीं सपाट वर्तुळाचा तत्काळ चेंडू होतो. फ्लेक्सवरील सर्व गोळे, बटणें आणि मोत्यांच्या माळा या एका युक्तीवर जगतात.

परंतु छापतांना पट्टे उमटत. याचें गणित पाहण्यासारखें आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत यंत्राजवळ २५६ पायऱ्या. काळ्यापासून निम्म्या करड्यापर्यंतच उतरावयाचें तर त्यांतील १२८ वांट्यास येतात. तो उतार बारा इंच रुंद असला, तर प्रत्येक पायरी सुमारें २·४ मिलिमीटर रुंद पडते. दोन शेजारच्या पायऱ्यांत फरक नांवाला असतो. पण मनुष्याचा डोळा दोन छटांच्या सीमेवर फरक वाढवून पाहतो, हें अर्न्स्ट माख यानें १८६५ मध्येंच दाखविलें होतें. जो गुण आपणांस तिन्हीसांजेला उंबरठ्याची कड दाखवितो, तोच येथें वैरी होतो. उतार जितका सौम्य आणि लांब, तितके पट्टे ठळक. १९९७ मध्यें पोस्टस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तींत पायऱ्या मोजून देण्याची पद्धत सोडून उताराचा नियमच छपाईयंत्रास सांगण्याची सोय झाली, तेव्हां हें दुखणें पुष्कळ उतरलें. त्या यंत्राच्या कुवतीप्रमाणें त्यानें त्या घालाव्या. रेषेच्या बाबतींत जें १९५९ मध्यें घडलें, तें छटेच्या बाबतींत अडतीस वर्षांनीं घडलें.

तरी आंब्याची छटा राहिलीच. आंबा खांद्याशीं केशरी, पोटाशीं पिवळा, देंठाजवळ हिरवा, आणि मध्येंच एक उजेडाचा पट्टा. हें ना एका रेषेनें उतरतें, ना एका मध्यापासून पसरतें. त्याचें उत्तर १९९८ मध्यें इलस्ट्रेटरच्या आठव्या आवृत्तींत 'मेश' या नांवानें आलें. आकारावर उभ्याआडव्या वक्ररेषांचें जाळें टाकावयाचें, प्रत्येक गांठीस एक रंग द्यावयाचा, आणि गांठी हव्या तशा ओढावयाच्या. मधला रंग यंत्र आपण होऊन मिसळतें. कोपऱ्यांचे रंग सांगून मधला भाग भरण्याची कल्पना हेन्री गुरो यानें १९७१ मध्यें युटा विद्यापीठांत मांडलेली होती. पत्नीच्या चेहऱ्याचे बहुकोन आंखून त्यानें ती प्रथम लावून पाहिली. मात्र त्याच्या कडा सरळ होत्या. वक्र कडांचें जाळें घ्यावयाचें तर वक्र पृष्ठाचें गणित हवें. आणि तें कोठें तयार होतें? मोटारीच्या टपांत. एम. आय. टी. चा स्टीव्हन कून्स यानें १९६० नंतरच्या दशकांत विमान, जहाज, मोटार यांच्या पृष्ठांसाठीं चार वक्र कडांमध्यें पृष्ठ ताणून बसविण्याची रीत दिली होती. द कास्तेल्जो व बेझिए यांचीं पृष्ठें तर मोटारींचींच. पोस्टस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तींतील वक्र छटांच्या दोन प्रकारांत कून्सचें नांव एका प्रकारास उघड दिलेलें आहे, आणि दुसरा बेझिएच्या पृष्ठाचा आहे. फरक एवढाच, कीं मोटारीच्या पत्र्यांत ज्या जागीं उंची होती, तेथें आतां रंग आहे. आंब्याच्या गालावरचा केशरी उतार म्हणजे यंत्राच्या दृष्टीनें एक आडवा पाडलेला बॉनेटच.

या जाळ्यावर काम करणें मात्र अजून कष्टाचें आहे. एका आंब्यास चाळीस-पन्नास गांठी सहज लागतात, आणि प्रत्येक गांठीचा रंग निवडावयास चित्रकाराचाच डोळा लागतो. तेथें यंत्र कांहींच सांगत नाहीं. २००८ मध्यें फ्रान्समधील संशोधकांनीं एक निराळी वाट सुचविली. वक्ररेषेच्या दोन्ही अंगांस एकेक रंग लावून ठेवावा, आणि ओल्या कागदावर रंग पसरावा तसा तो तिथून गणितानें पसरूं द्यावा. जलरंगांत हात बसलेल्या माणसास ही कल्पना लगेच पटते. सामान्य दुकानांतील साधनांत तिचा शिरकाव अद्याप फारसा झालेला नाहीं.

आणि इतकें सारें होऊन तें चित्र जेव्हां छापावयास जातें, तेव्हां शाईचा जुना नियम कायमच असतो. अर्धी शाई अजूनही नाहीं. छपाईयंत्रांतील संगणक त्या नितळ उताराचें पुनः ठिपक्यांत रूपांतर करतो; गडद जागीं दाट, उजळ जागीं विरळ, चार रंगांचे चार थर. चौकांतील फ्लेक्स खालीं उतरवून ठेवलेला असतांना मळवलीच्या लक्ष्मीवर धरलेलें तेंच भिंग त्यावर धरून पाहावें. येथील ठिपके यंत्रानें टाकलेले आहेत, आणि तेथील एका माणसानें शिळेवर एकेक करून दिलेले आहेत. तो माणूस कोण होता, हें त्या चित्राखालीं कोठेंही छापलेलें नाहीं.